वीकेंडची ड्युटी चुकणार असेल तर: रजेपासून भरपाईच्या ड्युटीपर्यंतची तयारी

काही हॉस्पिटलांत नर्सची वीकेंडची ड्युटी चुकली तर तिच्या बदली नंतर एक ड्युटी करून द्यावी लागते, तीच भरपाईची ड्युटी. तुमच्याकडे असा नियम असेल तर आपल्या हॉस्पिटलचा वीकेंड नेमका कधी सुरू होतो आणि कधी संपतो, हे आधी लेखी नियमात वाचून घ्या. निम्मे वाद इथूनच उभे राहतात. बारा तासांच्या पाळीत शुक्रवारची नाइट संध्याकाळी ७ ला सुरू होऊन शनिवारी सकाळी ७ ला संपते, म्हणजे ५ तास शुक्रवारचे आणि ७ शनिवारचे. ड्युटी सुरू होते तो वार धरला तर ही नाइट वीकेंडमध्ये मोडत नाही, रविवारची मोडते. जास्त तास ज्या वारी पडतात तो धरला तर नेमकं उलट.

गैरहजेरी आधीच माहीत असेल तर रोस्टर, म्हणजे ड्युट्यांचं वेळापत्रक, लागण्यापूर्वी रजेचा अर्ज द्या. रोस्टर लागून गेलं असेल तर अदलाबदल करा, पण त्याच विभागाचं काम येणाऱ्या सहकाऱ्याशीच. व्हेंटिलेटरवरच्या पेशंटची सवय नसलेली नर्स आयसीयूत आली तर संख्या भरते, काम भरत नाही. दोघींच्या सह्या आणि इनचार्ज सिस्टरची लेखी मंजुरी मिळेपर्यंत ड्युटी तुमच्याच नावावर असते.

अचानक आजारी पडलात तर नियमात दिलेल्या मुदतीत फोन करा. मैत्रिणीला पाठवलेला मेसेज कळवणं म्हणून धरला जात नाही. फोनची वेळ आणि घेणाऱ्याचं नाव लिहून ठेवा. हजेरी बिघडू नये म्हणून ताप किंवा जुलाब अंगावर काढून वॉर्डात जाऊ नका, त्याची किंमत पेशंट मोजतात. उलट्या-जुलाब थांबल्यावरही साधारण ४८ तास कामापासून दूर राहायचं असतं. म्हणजे शनिवारचं दुखणं रविवारही घेऊन जातं, तेव्हा दोन्ही दिवसांचं पहिल्याच फोनवर सांगा. सलग दोन दिवस एक गैरहजेरी धरतात की दोन, आणि भरपाई एका ड्युटीची की दोन, हेही त्याच फोनवर विचारून घ्या. कायद्याने संरक्षण दिलेली रजा असेल तर भरपाई लागू होते का, याचं लेखी उत्तर एचआरकडून मागवा.

भरपाईच्या तारखेला सर्वात जास्त वेळ द्या. तारीख बहुधा वॉर्डातल्या तुटवड्यावरून ठरते, म्हणून पुढच्या रोस्टरमधल्या आपल्याला जमणाऱ्या दोन-तीन तारखा स्वतःहून कळवा. गप्प राहिलात तर गैरसोयीचीच मिळण्याची शक्यता जास्त. तारीख स्वीकारण्याआधी विश्रांतीचे तास मोजा. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या १९७७ च्या १५७ क्रमांकाच्या शिफारशीत नर्सिंग कर्मचाऱ्यांना दोन पाळ्यांमध्ये सलग किमान १२ तास विश्रांती सांगितली आहे. दुपारपाळी रात्री ९ ला संपवून सकाळी ७ ला भरपाईला हजर व्हायचं म्हटलं तर हातात १० तासच उरतात, त्यातही हँडओव्हर (पुढच्या पाळीकडे पेशंट सोपवणं) लांबला तर आणखी कमी. अशी तारीख नाकारा आणि कारण तासांसकट लिहून द्या.

मग आठवड्याची बेरीज. बारा तासांच्या तीन ड्युट्या ३६ तासांच्या, चौथी धरली की ४८. आठवड्याची मर्यादा ४० असेल तर ८ तास ओव्हरटाइममध्ये जातात आणि ऐनवेळी मंजुरीवाचून अडतं. त्याऐवजी मधल्या वारची एक ड्युटी काढून तिच्या जागी वीकेंडची मागा, म्हणजे तास तेवढेच राहतात. आमच्या मते भरपाईची हीच रीत योग्य, कारण तुटवडा वीकेंडला पडला होता आणि भरून निघायचा तोही वीकेंडलाच. आजारपणाची पगारी रजाही कापली आणि वर एक जादा ड्युटीही लावली, असं होत असेल तर त्यामागचा नियम दाखवायला सांगा. वीकेंडचा भत्ता मिळत असेल तर भरपाईच्या दिवशी तो लागू आहे का, तेही पाहा.

एक गोष्ट हमखास राहून जाते. भरपाईच्या दिवशी पेशंट कमी म्हणून घरी पाठवलं तर ती ड्युटी फिटली की पुन्हा करायची? याचं उत्तर आधीच लेखी घ्या, आणि रोस्टरमध्ये त्या तारखेपुढे ‘भरपाई’ अशी नोंद झाली आहे ना, ते स्वतः पाहा. नोंद नसली तर ती ड्युटी नेहमीच्या हिशेबात जाते आणि चुकलेली तशीच बाकी राहते.