दिव्यांगांसाठीच्या सेवा आणि धोरणे: कुटुंबांनी आपले म्हणणे कुठे, केव्हा आणि कसे मांडावे

महाराष्ट्रात घरी दिव्यांग व्यक्ती असलेल्या कुटुंबाची बरीच शक्ती प्रमाणपत्र, यूडीआयडी कार्ड (दिव्यांगांचे देशभर चालणारे ओळखपत्र), संजय गांधी निराधार योजनेचे अनुदान आणि प्रवासाची सवलत मिळवण्यात खर्ची पडते. ही कामे टाळता येत नाहीत. परंतु त्यांतून सुटतो तो एका घराचा प्रश्न, आणि पुढच्या घराला त्याच खिडकीपासून पुन्हा सुरुवात करावी लागते. खिडकीवरचा नियम बदलायचा असेल, तर निधीची तरतूद आणि सेवेची रचना जिथे ठरते तिथे, आणि ती ठरण्यापूर्वी, पोहोचावे लागते. कायद्याने अशा अनेक ठिकाणी पालकांसाठी जागा ठेवलेल्या आहेत. त्या कुठे आहेत हेच पुष्कळांना ठाऊक नसते.

सुरुवात मात्र घरातच करावी. भारताने २००७ मध्ये मान्यता दिलेल्या संयुक्त राष्ट्रांच्या दिव्यांग हक्क कराराच्या चौथ्या कलमानुसार धोरणे आखताना दिव्यांग व्यक्तींशी, त्यांत मुलांशीही, त्यांच्या प्रातिनिधिक संघटनांमार्फत विचारविनिमय करणे सरकारवर बंधनकारक आहे. म्हणजे पहिले म्हणणे त्यांचे, आपले त्यानंतरचे. आईला मुलासाठी निवासी संस्था हवी असते आणि मुलाला गावातच काम हवे असते, असे अनेकदा होते. निवेदनात ही दोन मते एकत्र न कालवता वेगवेगळी लिहावीत. बोलता न येणाऱ्या व्यक्तीची पसंती चित्रांवरून, खुणांवरून किंवा तिच्या रोजच्या वागण्यावरून समजून घेता येते. त्याला वेळ लागतो, पण तो द्यायलाच हवा.

त्यानंतर माहिती जमवावी. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात सुमारे २९ लाख ६३ हजार दिव्यांग व्यक्तींची नोंद झाली. परंतु त्या वेळच्या प्रश्नावलीत दिव्यांगत्वाचे आठच प्रकार होते, तर २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमात २१ प्रकार आहेत. स्वमग्नता, थॅलेसेमिया किंवा अध्ययन अक्षमता यांची स्वतंत्र आकडेवारी त्या जनगणनेत सापडणार नाही. म्हणून चार-पाच कुटुंबांनी मिळून आशा आणि अंगणवाडी सेविकांच्या मदतीने गावाची किंवा प्रभागाची यादी करावी: वय, दिव्यांगत्वाचा प्रकार, प्रमाणपत्र आहे की नाही, शाळा किंवा काम, आणि सर्वांत मोठी गरज. कार्यालयात केवळ आकडे द्यावेत. घरोघरची नावे आणि निदान आपल्याजवळच ठेवावे.

कुटुंबांनी सर्वाधिक लक्ष घालावे असे ठिकाण माझ्या मते ग्रामपंचायत हेच आहे, कारण तिथे पैसा आणि निर्णय दोन्ही हाताशी असतात. महाराष्ट्रातील स्थानिक स्वराज्य संस्थांनी आपल्या स्वउत्पन्नाच्या, म्हणजे स्वतःच्या कर व शुल्कांतून मिळणाऱ्या उत्पन्नाच्या, पाच टक्के रक्कम दिव्यांगांच्या कल्याणावर खर्च करायची असते. ही रक्कम प्रत्यक्षात किती होते आणि कशावर जाते, हे माहितीच्या अधिकारात विचारावे. महाराष्ट्राच्या नियमांप्रमाणे अर्ज एकाच विषयाचा आणि साधारणतः १५० शब्दांच्या आत असावा लागतो. त्यावर दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावावा. मागील तीन आर्थिक वर्षांचे स्वउत्पन्न, त्याच्या पाच टक्क्यांची रक्कम, झालेला खर्च बाबनिहाय आणि अखर्चित शिल्लक, एवढेच मागितले तरी पुरे. ३० दिवसांत उत्तर न आल्यास प्रथम अपील करावे.

आकडे हाती आले की ग्रामसभा. वर्षातून किमान चार ग्रामसभा घेणे बंधनकारक आहे, आणि पुढील वर्षाच्या अंदाजपत्रकाला व विकास आराखड्याला हिवाळ्यातच आकार येऊ लागतो. मार्च महिन्यात जाऊन मागणी करणाऱ्याच्या पदरी फारसे काही पडत नाही. आपला विषय सभेपूर्वी लेखी देऊन विषयपत्रिकेवर घ्यायला लावावा, कारण 'ऐनवेळचे विषय' या मथळ्याखाली आलेली मागणी लोक उठून जाऊ लागल्यावर वाचली जाते. ठराव झाला, तर त्यात काम, रक्कम आणि मुदत आली आहे की नाही हे तिथेच पाहावे आणि नंतर त्याची प्रत मागून घ्यावी. अनेक ठिकाणी हा निधी वर्षाअखेरीस सर्वांना समान वाटून टाकला जातो. गरजू घराला ती रोख रक्कम उपयोगी पडते, हे नाकारता येणार नाही. तरीही फिजिओथेरपीसाठी तालुक्याला नेणारे वाहन किंवा शाळेत व आरोग्य उपकेंद्रात उतार (रॅम्प) यांवर थोडा तरी भाग खर्च व्हावा, हा आग्रह कुटुंबांनीच धरायचा आहे.

शाळेच्या बाबतीत पालकांचे स्थान बरेच भक्कम आहे. शिक्षण हक्क कायद्यानुसार शाळा व्यवस्थापन समितीत तीन-चतुर्थांश सदस्य पालक असतात आणि वंचित गटातील मुलांच्या पालकांना प्रमाणशीर प्रतिनिधित्व द्यावे लागते. २०१२ च्या दुरुस्तीने दिव्यांग मुलांचा समावेश या वंचित गटात झाला. समिती स्थापन होत असतानाच या तरतुदीचा लेखी उल्लेख करून जागा मागावी, आणि समितीत गेल्यावर शाळा विकास आराखड्यात विशेष शिक्षकाच्या भेटी, वापरता येण्याजोगे स्वच्छतागृह अशा बाबी नोंदवून घ्याव्यात.

शहरात प्रभाग कार्यालय महत्त्वाचे. पुणे महापालिकेत २००६-०७ पासून नागरिकांना अंदाजपत्रकासाठी आपल्या भागातील कामे सुचवता येतात, आणि पदपथाचा उतार ही अशा प्रक्रियेत बसणारी मागणी आहे. इतरत्र विकास आराखडा किंवा नियमांचा मसुदा 'हरकती व सूचना' मागवण्यासाठी प्रसिद्ध होतो, तेव्हा दिलेल्या मुदतीत लेखी सूचना द्याव्यात आणि सुनावणी ठेवली असेल तर दिव्यांग व्यक्तीला सोबत न्यावे. सुगम्यतेच्या, म्हणजे इमारती, रस्ते व सेवा दिव्यांगांना वापरता येण्याच्या, मागणीला आता कायद्याचे बळही वाढले आहे: नोव्हेंबर २०२४ मध्ये राजीव रतुरी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सुगम्यतेचे निकष केवळ शिफारशीच्या स्वरूपात ठेवणे कायद्याशी विसंगत ठरवून बंधनकारक नियम करण्याचा आदेश केंद्राला दिला.

जिल्हा पातळीवर दोन समित्या लक्षात ठेवाव्यात. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्याखालील स्थानिक स्तर समिती स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक आणि बहुदिव्यांगत्व असलेल्या व्यक्तींसाठी कायदेशीर पालक नेमण्याचे अर्ज पाहते. तिच्यावर जिल्हाधिकारी दर्जाचा अधिकारी, नोंदणीकृत संस्थेचा प्रतिनिधी आणि एक दिव्यांग व्यक्ती असते, आणि तीन महिन्यांतून एकदा तरी बैठक व्हावी लागते. पालकांच्या संघटनेला न्यासाकडे नोंदणी करता येते, म्हणून प्रतिनिधीच्या जागेसाठी अशा संघटनेने पुढे यावे. दुसरी २०१६ च्या अधिनियमाच्या ७२ व्या कलमाखालील जिल्हास्तरीय समिती. तिचे सदस्य कोण आणि मागील बैठकीचे इतिवृत्त काय, एवढी विचारणा केली तरी कधी कधी लांबलेली बैठक लागते. लोकशाही दिन हा वैयक्तिक तक्रारींसाठी असतो. धोरणाची मागणी घेऊन तिथे जाऊ नये.

सेवा नियमाप्रमाणे मिळत नसेल, तर पुण्यातील दिव्यांग कल्याण आयुक्तांकडे दाद मागावी. २०१६ च्या अधिनियमाच्या ८१ व्या कलमाप्रमाणे आयुक्तांनी केलेल्या शिफारशीवर संबंधित कार्यालयाने तीन महिन्यांत कार्यवाही कळवायची असते, आणि शिफारस अमान्य असल्यास तिची कारणे आयुक्तांना व तक्रारदारालाही द्यायची असतात. ही कारणे लेखी मिळाली, की आमदारांना विधिमंडळात प्रश्न विचारण्यासाठी नेमका मजकूर देता येतो. मात्र प्रश्नाची सूचना अधिवेशनाच्या बऱ्याच आधी द्यावी लागत असल्याने नागपूरच्या अधिवेशनासाठीची तयारी दिवाळीपूर्वीच करावी.

निवेदन एका पानाचे आणि एका मागणीचे असावे. 'दिव्यांगांकडे लक्ष द्यावे' या वाक्यावर कोणताही अधिकारी काहीच करू शकत नाही. 'तालुक्यात अमुक इतक्या मुलांची बौद्धिक दिव्यांगत्वाची तपासणी प्रलंबित आहे, सबब उपजिल्हा रुग्णालयात महिन्यातून एक दिवस तज्ज्ञ उपलब्ध करावा' असे लिहिले, तर ते पत्र कोणाकडे जायचे हे कारकुनालाही कळते. संबंधित शासन निर्णयाचा क्रमांक व दिनांक द्यावा, दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांकासह पोच घ्यावी आणि पुढील पत्रात त्याच क्रमांकाचा संदर्भ द्यावा.

एक अडचण मात्र कोणताही कायदा सोडवत नाही: बैठकीला जाणाऱ्या आईच्या मागे मुलाजवळ कोण थांबणार? गटातील कुटुंबांनी याचे वेळापत्रक आधी ठरवावे आणि ज्या कुटुंबातील व्यक्तीची देखभाल सर्वांत कठीण आहे, त्यांना त्यात पहिले स्थान द्यावे. अन्यथा ज्यांना घराबाहेर पडणे सोपे आहे त्यांच्याच गरजा धोरणात उतरतात. दिव्यांगांच्या प्रश्नांवर राज्य शासनाला सल्ला देणाऱ्या राज्य सल्लागार मंडळावरील नेमणूक तीन वर्षांची असते, गावातील गट त्याहूनही लवकर विस्कळीत होतात. त्यामुळे प्रत्येक बैठकीला एका अनुभवी पालकाबरोबर एका नव्या पालकाला पाठवावे आणि निवेदने, पोच व ठरावांच्या प्रती यांची एक फाइल गटात फिरती ठेवावी.