एफटीसीवर रुजू होताना: आधी तारखा बघा

पुढच्या महिन्यात मी पुन्हा एफटीसीवर, म्हणजे ठरावीक मुदतीच्या करारावर, रुजू होतोय. चाकणलाच, फक्त गेट वेगळं. मागच्या खेपेला स्वतःच्या हाताने माती केली, म्हणून या खेपेला आधी यादी केली. लाइनवरच्या दोघांनी ती मागितली, तेव्हा सगळ्यांसाठीच नीट लिहून काढतोय. आधार, पॅन, पासबुक, फोटो आणि सगळ्याच्या झेरॉक्स हे सांगावं लागत असेल तर पुढचं वाचूच नका.

लेटर हातात आलं की पगाराच्या आकड्याआधी लेटरहेड बघा. काम चाकणच्या प्लांटात आणि लेटर भोसरीच्या ठेकेदाराचं असेल, तर ती एफटीसी नव्हे, ते कंत्राटी काम. त्याचे नियम वेगळे. एफटीसीत कंपनी आणि तुम्ही यांच्यात थेट लेखी करार असतो, मध्ये कुणी नसतं. ‘ट्रेनी’ आणि ‘स्टायपेंड’ असे शब्द दिसले तर ते तिसरंच प्रकरण. तोंडी मात्र तिन्हींना बिनदिक्कत एफटीसी म्हणतात. मग सुरुवातीची तारीख, शेवटची तारीख, पदाचं नाव, मूळ पगार वेगळा दाखवलाय का, नोटीस किती दिवसांची, हे बघा. नव्या कामगार संहिता 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झाल्यात आणि त्यात नेमणूकपत्र देणं बंधनकारक आहे, तेव्हा ‘लेटर नंतर देतो’ हे ऐकून घ्यायचं नाही. सही केलेल्या प्रत्येक पानाचा फोटो एचआरच्या टेबलावरच काढा. पुढे गेटवर मोबाइल जमा होतो.

आता माझी चूक. पहिला करार 1 मे ते 31 मार्च, अकरा महिन्यांचा. मार्चच्या शेवटच्या आठवड्यात सुपरवायझर म्हणाले, “तू येत राहा, लेटर वरून निघालंय.” मी येत राहिलो. पहिली पाळी, दुसरी पाळी, मधला एक रविवारसुद्धा. लेटर मिळालं 17 एप्रिलला, आणि त्यावर सुरुवातीची तारीखही 17 एप्रिलच. 1 ते 16 एप्रिल मी कंपनीत होतो याचा कागदोपत्री पत्ताच नाही. त्या दिवसांचे पैसे व्हाउचरवर दिले, पीएफ कापला नाही, साठलेल्या रजा शून्यावर आल्या. सुटताना ग्रॅच्युइटी, म्हणजे केलेल्या सेवेबद्दल मिळणारी रक्कम, मागितली तर उत्तर मिळालं, करार दोन, दोन्ही अकरा-अकरा महिन्यांचे, वर्ष भरलंय कुठे? वाकडेवाडीला कामगार आयुक्तांच्या कार्यालयात अर्ज दिलाय, फेऱ्या चालू आहेत. तिथे पहिला प्रश्न हाच आला की त्या सोळा दिवसांचं तुमच्याकडे काय आहे. माझ्याकडे होती कंपनीच्या बसमधल्या खिडकीच्या सीटची आठवण.

म्हणून जुन्या कराराची शेवटची तारीख उलटायच्या आत मुदतवाढीचं लेटर हातात पाहिजे. आणि हातात आलं की सुरुवातीची तारीख वाचा. जुना करार ज्या दिवशी संपतो त्याच्या दुसऱ्या दिवसापासून नवा सुरू झाला पाहिजे, मध्ये एक दिवससुद्धा नको. आमच्या पट्ट्यात सात महिने झाले की ‘ब्रेक’ ही जुनी रीत आहे. महाराष्ट्राच्या जुन्या आदर्श स्थायी आदेशांत, म्हणजे कारखान्यातल्या नोकरीच्या नमुना नियमांत, 240 दिवस सलग भरलेल्या तात्पुरत्या कामगाराला कायम करा असं कलम होतं, त्याला बगल देण्यासाठी ती पडली. त्यामुळे मधली फट चुकून राहिली असेल असं धरून चालू नका.

लेटर देत नाहीत, मग काय करायचं? मुदत संपायच्या दीड महिना आधी मोबाइलमध्ये आठवण लावा. एचआरला स्वतःच्या मेलवरून दोन ओळी पाठवा: माझा करार अमुक तारखेला संपतो, त्यानंतर कामावर यायचं का, ते लेखी कळवा. उत्तर आलं नाही आणि सुपरवायझरने बोलावलंच, तर त्याच दिवशी दुसरा मेल: आपल्या सांगण्यावरून आज पहिल्या पाळीत हजर होतो. रोज एक मेल, कंटाळा आला तरी. मेल कंपनीचा नको, तो शेवटच्या दिवशी बंद होतो. व्हॉट्सअ‍ॅपवर सुपरवायझरचा ‘ये उद्या’ असा मेसेज असेल तर पुसू नका. हे सगळं करायला मला तेव्हा लाज वाटली, साहेब दुखावतील म्हणून. साहेबांची बदली रांजणगावला झाली, ते आता फोनही उचलत नाहीत.

दर महिन्याला स्लिप उतरवून घ्या आणि पीएफचं पासबुक बघा. कापलेला पीएफ भरला गेलाय की नाही ते तिथेच कळतं. शिवाय एक साधी वही ठेवा, तारीख, पाळी, ओव्हरटाइम. सलग सेवेच्या हिशेबात वर्षाला 240 दिवस, आणि पाच दिवसांचा आठवडा असेल तर 190 दिवस प्रत्यक्ष काम मोजलं जातं. पंचिंगचा रेकॉर्ड कंपनीकडे असतो, तो मागाल तेव्हा मिळेल या भरवशावर राहू नका.

हक्कांचं थोडक्यात. तेच किंवा तशाच स्वरूपाचं काम करणाऱ्या कायम कामगारापेक्षा पगार, भत्ते, कामाचे तास आणि बाकीचे लाभ कमी देता येत नाहीत. कॅन्टीन आणि बस यांतही फरक दिसला तर विचारा. ग्रॅच्युइटीसाठी कायम माणसाला पाच वर्षं लागतात, एफटीसीवाल्याला एक. हिशेब शेवटच्या मासिक वेतनाचा: भागिले 26, गुणिले 15, गुणिले वर्षं. वेतन 18,200 धरलं तर एका वर्षाचे 10,500 होतात. भत्ते एकूण पगाराच्या निम्म्याहून जास्त असतील तर वरचा भाग वेतनातच धरायचा, म्हणून मूळ पगार मुद्दाम कमी दाखवलेल्या स्लिपवर विसंबू नका. बोनसच्या पगारमर्यादेत बसत असाल तर वर्षात 30 दिवस काम पुरेसं आहे, किमान 8.33 टक्के. दिवाळीआधी सुटलात म्हणून तो बुडत नाही. आणि हे सगळं मागताना ते पुन्हा तारखांवरच बोट ठेवतात, म्हणून पुन्हा सांगतो, दोन लेटरांमध्ये फट नको.

बायकांसाठी एक गोष्ट, कारण आमच्या लाइनवरच्या एका ताईंना चक्क चुकीचं सांगितलं गेलं. मागच्या बारा महिन्यांत 80 दिवस काम झालं असेल तर प्रसूती लाभ मिळतो, पहिल्या दोन मुलांसाठी 26 आठवडे. मध्येच करार संपला म्हणून तो थांबत नाही, असा सर्वोच्च न्यायालयाचा 2023 चा निकाल आहे. त्याची प्रत काढून ठेवा, तोंडी सांगून कुणी ऐकत नाही.

एक कडू गोष्टही ऐका. मुदत संपली आणि वाढवली नाही, तर ती कामगारकपात धरत नाहीत आणि कपातीची भरपाई मिळत नाही. 1984 पासून कायदा असाच आहे, नव्या संहितेतही तेच. तेव्हा ‘दोन वर्षं झाली, आता काढणार नाहीत’ या समजुतीवर मोशीला फ्लॅट बुक करू नका. माझ्या पार्टनरने केला.

शेवटचा महिना. उरलेल्या रजा मेलवर विचारा. आयकार्ड, बूट, हेल्मेट, लॉकरची किल्ली परत करा आणि पोच घ्या. अनुभवपत्रावर दोन्ही करारांच्या तारखा सलग लिहून मागा. राजीनामा दिला किंवा काढून टाकलं तर दोन कामकाजाच्या दिवसांत हिशेब द्यायचा असतो, पण मुदत संपणं त्या कलमात शब्दशः नाही, त्यामुळे फुल अँड फायनल कधी, हे आधीच लेखी घ्या. ग्रॅच्युइटी देय झाल्यापासून 30 दिवसांत. पीएफमध्ये सुटल्याची तारीख कंपनीने नाही टाकली तर दोन महिन्यांनी स्वतः टाकता येते. पैसे काढू नका, नव्या खात्यात वळवा. पगारातून कापलेल्या कराचं प्रमाणपत्र मागून घ्या. आणि पगाराचं बँक खातं लगेच बंद करू नका, उरलेले पैसे त्यातच येतात.