दुसरी ऑपरेटिंग सिस्टीम वापरून पाहिल्यानंतर संगणक वारंवार बंद पडतो? या चुका टाळा

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा नियमित पाठिंबा संपला. मोजके अपवाद वगळता इंटेलच्या सातव्या पिढीपर्यंतचे प्रोसेसर विंडोज ११ च्या अधिकृत यादीत बसत नसल्यामुळे कितीतरी धडधाकट संगणकांचे काय करायचे, हा प्रश्न त्यांच्या मालकांपुढे उभा राहिला. पिंपळगाव बसवंतच्या एखाद्या द्राक्ष पॅकहाऊसमधील बिलांचा संगणक असो किंवा नाशिकच्या कॉलेज रोडवरील घरातला मुलांच्या अभ्यासाचा लॅपटॉप, चांगले चालणारे यंत्र भंगारात काढण्यापेक्षा त्यावर लिनक्स मिंट किंवा उबुंटू ही लिनक्स कुटुंबातील मोफत ऑपरेटिंग सिस्टीम चालवून पाहावी, असा विचार अनेकांनी केला आणि तो योग्यच होता. मात्र त्यानंतर संगणक मध्येच गोठू लागला, आपोआप रीस्टार्ट होऊ लागला किंवा विंडोजमध्ये ब्लू स्क्रीन, म्हणजे बिघाडाचा निळा पडदा, दिसू लागली, की सगळे खापर नव्या प्रणालीवर फुटते. कधीकधी ते बरोबरही असते. पुष्कळदा मात्र दोष दुसरीकडेच असतो आणि तो शोधण्याआधी केलेल्या घाईमुळे डेटाही जातो आणि मूळ बिघाडही तसाच राहतो.

फॉरमॅट मारण्याची घाई

दुकानात संगणक नेला की पहिला सल्ला बहुधा ‘फॉरमॅट मारून टाकू’ असाच मिळतो. दुकानदाराच्या दृष्टीने तो सोयीचा आहे, कारण त्यात विचार करावा लागत नाही; पण फॉरमॅटबरोबर संगणकाने स्वतः लिहून ठेवलेल्या बिघाडाच्या नोंदीही पुसल्या जातात. म्हणून डिस्कला हात लावण्यापूर्वी एकाच प्रश्नाचे उत्तर मिळवावे: संगणक फक्त विंडोजमध्ये बंद पडतो, फक्त लिनक्समध्ये बंद पडतो, की दोन्हींत? लिनक्सच्या पेनड्राइव्हवरून, काहीही इन्स्टॉल न करता, संगणक लाइव्ह पद्धतीने तासभर चालवून पाहावा. त्यातही तो बंद पडला, तर डिस्कवर बसवलेल्या कोणत्याही प्रणालीकडे बोट दाखवण्यात फारसा अर्थ उरत नाही आणि वीजपुरवठा, रॅम, उष्णता यांच्याकडे वळावे लागते. बायोसच्या, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टीम सुरू होण्याआधीच्या मूलभूत सेटिंगच्या, पडद्यावर नुसता उघडा ठेवलेला संगणकही बंद पडत असेल, तर प्रश्न जवळजवळ निश्चितपणे हार्डवेअरचा आहे.

विंडोज सुरू होत असेल तर इव्हेंट व्ह्यूअर उघडून सिस्टीम विभागातील नोंदी पाहाव्यात. तेथे ‘कर्नल पॉवर ४१’ ही नोंद हमखास सापडते आणि हमखास चुकीची वाचलीही जाते. मागच्या वेळी संगणक रीतसर बंद झाला नव्हता, एवढेच ती नोंद सांगते. का झाला नव्हता, ते सांगत नाही. कारणाचा धागा त्या नोंदीच्या तपशिलातील बगचेक कोडमध्ये, म्हणजे ब्लू स्क्रीनच्या क्रमांकात, असतो. तेथे शून्याखेरीज आकडा असेल तर विंडोजने ब्लू स्क्रीन नोंदवलेली असते. शून्य असेल तर एक तर वीज गेली, किंवा यंत्र इतके गोठले की नोंद करायलाही उसंत मिळाली नाही, किंवा कोणी पॉवर बटण दाबून धरले.

अंबड औद्योगिक वसाहतीतील एका छोट्या वर्कशॉपमधील उदाहरण येथे सांगण्यासारखे आहे. तेथील संगणकावर विंडोजच्या जोडीला लिनक्स बसवले गेले आणि त्याच आठवड्यापासून तो दिवसातून अनेकदा रीस्टार्ट होऊ लागला. कर्नल पॉवर ४१ च्या सर्व नोंदींत बगचेक कोड शून्य होता, नोंदी केवळ कामाच्या वेळेतल्या होत्या आणि साप्ताहिक सुट्टीच्या दिवशी एकही नव्हती. लाइव्ह पेनड्राइव्हवर चालू असतानाही संगणक तसाच रीस्टार्ट झाला आणि नेमक्या त्या क्षणी कॉम्प्रेसरची मोटर सुरू होऊन वरची ट्यूबलाइट मिणमिणली. इन्स्टॉल करताना इंटरनेटची केबल पुरावी म्हणून संगणक दुसऱ्या टेबलावर हलवला होता आणि तेव्हापासून तो कॉम्प्रेसरच्याच लाइनवरील बोर्डाला जोडलेला राहिला होता. यूपीएसची बॅटरी तर केव्हाच निकामी झाली होती. बॅटरी बदलली, लाइन वेगळी केली आणि दोन्ही प्रणाली सुरळीत चालू लागल्या.

यावरून दुसरी चूकही लक्षात येते, ती म्हणजे एकाच दिवशी अनेक बदल करणे. लिनक्स टाकायचेच आहे तर त्याच बैठकीत हार्ड डिस्क काढून एसएसडी बसवली जाते, जुनी ४ जीबीची रॅम पुरणार नाही म्हणून वेगळ्या कंपनीची आणखी एक पट्टी लावली जाते, बायोसही अपडेट केले जाते; मग बिघाड कशामुळे झाला हे कोण सांगणार? डिस्कची सॅटा केबल नीट न बसणे किंवा रॅमची पट्टी अर्धवट दाबली जाणे हे प्रकार अशा वेळी सर्रास घडतात. शंका असल्यास नवीन बसवलेली वस्तू काढून जुन्या जुळणीवर संगणक चालवून पाहावा.

फास्ट स्टार्टअप: सर्वांत जास्त नुकसान येथे होते

नव्या प्रणालीमुळे विंडोज खरोखरच बिघडण्याचे सर्वांत मोठे कारण विंडोजमध्येच दडलेले आहे. विंडोज ८ पासून, म्हणजे २०१२ पासून, ‘शट डाउन’ केल्यावर विंडोज पूर्णपणे बंद होतेच असे नाही. फास्ट स्टार्टअप सुरू असेल तर प्रणालीच्या गाभ्याची त्या क्षणाची स्थिती डिस्कवर जतन केली जाते आणि पुढच्या वेळी तीच उचलून संगणक झटपट सुरू होतो. मधल्या काळात लिनक्समधून त्याच पार्टिशनवर (डिस्कच्या त्याच भागावर) एखादी फाइल लिहिली, तर परतलेल्या विंडोजच्या स्मरणातील डिस्क आणि प्रत्यक्ष डिस्क यांत तफावत पडते. परिणामी फाइली गायब होतात, फोल्डर उघडेनासे होतात आणि कधीकधी विंडोज सुरूच होत नाही.

अशा अर्धवट बंद पार्टिशनवर लिहायला लिनक्स सहसा नकार देते, किंवा ते केवळ वाचण्यासाठी उघडते. हा नकार म्हणजे अडथळा नसून इशारा आहे, हे न समजल्यामुळे लोक इंटरनेटवरची कुठलीतरी कमांड चिकटवून ते पार्टिशन जबरदस्तीने उघडतात, आणि नुकसान होते ते तिथेच. टॅलीचे काम विंडोजवर आणि बाकीचे काम लिनक्सवर अशी विभागणी असून दोन्हींचा डेटा डी ड्राइव्हवर असलेल्या कार्यालयांनी याबाबत विशेष सावध राहावे.

उपाय मात्र साधा आहे. कंट्रोल पॅनेलमधील पॉवर ऑप्शन्समध्ये जाऊन, पॉवर बटणाने काय व्हावे हे ठरवण्याच्या पानावरील फास्ट स्टार्टअपची खूण काढून टाकावी आणि विंडोजच्या मोठ्या अपडेटनंतर ती पुन्हा आलेली नाही ना, हे पाहावे. एका प्रणालीतून दुसरीत जाताना ‘शट डाउन’ऐवजी ‘रीस्टार्ट’ निवडावे, कारण रीस्टार्टच्या वेळी फास्ट स्टार्टअप वापरले जात नाही. पार्टिशन आधीच बिघडले असेल, तर प्रथम महत्त्वाच्या फाइलींची प्रत काढावी आणि नंतर विंडोजमध्येच त्या ड्राइव्हच्या प्रॉपर्टीजमधील एरर चेकिंग चालवावे. लिनक्समधील दुरुस्तीची साधने विंडोजच्या पार्टिशनची पूर्ण तपासणी करीत नाहीत.

घड्याळ साडेपाच तास मागे का जाते

मदरबोर्डवरील घड्याळात विंडोज स्थानिक वेळ ठेवते, तर लिनक्स जागतिक प्रमाणवेळ ठेवते. भारतीय वेळ त्या वेळेच्या साडेपाच तास पुढे असल्यामुळे लिनक्समधून परतल्यावर विंडोजचे घड्याळ तेवढेच मागे गेलेले दिसते. हा बिघाड नाही. लिनक्सला स्थानिक वेळ वापरण्याची सूचना देऊन तो प्रश्न मिटतो. पण बिघाड शोधणाऱ्याची यामुळे चांगलीच दिशाभूल होते, कारण इव्हेंट व्ह्यूअरमध्ये सकाळी साडेनऊची म्हणून दिसणारी नोंद प्रत्यक्षात दुपारी तीनची असू शकते आणि मग वीज केव्हा गेली होती, कोणते काम चालू होते, याचा मेळच बसत नाही. त्यामुळे नोंदी वाचण्याआधी घड्याळ तपासावे. तारीखच दर वेळी काही वर्षे मागे जात असेल, तर मात्र मदरबोर्डवरील सीआर २०३२ हा बटन सेल संपला आहे.

बायोसमध्ये केलेले बदल

इन्स्टॉल करताना सांगितले म्हणून बायोसमधील सॅटा मोड (डिस्कशी संपर्काची पद्धत) रेड किंवा आरएसटीवरून एएचसीआयवर नेला जातो आणि पुढच्याच वेळी विंडोज ‘इनअ‍ॅक्सेसिबल बूट डिव्हाइस’ असे सांगत ब्लू स्क्रीन दाखवते. यात विंडोज खराब झालेले नसते. मोड पूर्ववत केला की ते सहसा सुरू होते. कायमचा बदल हवा असल्यास विंडोज आधी सेफ मोडमध्ये सुरू होईल अशी व्यवस्था करून मगच मोड बदलावा. म्हणून बायोसमध्ये काहीही बदलण्यापूर्वी त्या पानाचा मोबाइलवर फोटो काढून ठेवावा.

सिक्युअर बूट (केवळ विश्वासार्ह प्रणालीच सुरू होऊ देणारी सोय) किंवा बूटचा क्रम बदलल्यावर बिटलॉकर ही डिस्क कुलूपबंद ठेवणारी विंडोजची सोय ४८ अंकी रिकव्हरी की मागू शकते. बिटलॉकर आपण कधी सुरूच केले नव्हते, असे अनेकांना वाटते. पण अलीकडच्या अनेक लॅपटॉपवर मायक्रोसॉफ्ट खात्याने साइन इन केल्यावर ते आपोआप सुरू झालेले असते आणि ती कीही त्याच खात्यात जतन केलेली असते. ती न शोधता घाबरून फॉरमॅट केल्यास डेटा कायमचा जातो.

दोष नेहमी वापरणाऱ्याचाच असतो असेही नाही. ऑगस्ट २०२४ मधील विंडोजच्या एका सुरक्षा अपडेटनंतर दोन्ही प्रणाली असलेल्या अनेक संगणकांवर लिनक्स सुरू होईना आणि सुरक्षा धोरणाचा भंग झाल्याचा संदेश दिसू लागला. त्यावरील दुरुस्ती मे २०२५ मध्ये आली. बिघाड सुरू झालेला दिवस आणि अपडेट आल्याचा दिवस एकच आहे का, हे विंडोजच्या अपडेट हिस्टरीत पाहता येते.

रॅम, उष्णता आणि ड्रायव्हर

दोन्ही प्रणालींत बंद पडणाऱ्या संगणकाची रॅम मेमटेस्ट ८६ प्लसने, पेनड्राइव्हवरून, शक्यतो रात्रभर तपासावी. मेमरी वापरण्याची दोन्ही प्रणालींची पद्धत वेगळी असल्यामुळे विंडोजमध्ये महिनोन्महिने न जाणवलेली सदोष जागा लिनक्समध्ये पहिल्याच दिवशी आडवी येऊ शकते. एकही चूक दिसली तरी ती दुर्लक्ष करण्याजोगी नसते. एकेक पट्टी लावून दोषी पट्टी शोधावी. नाशिकच्या एप्रिल-मेमधील उन्हात धुळीने बुजलेल्या पंख्याचा लॅपटॉप इन्स्टॉलेशनच्या ताणाखाली बंद पडला, तर आधी पंखा साफ करावा.

फक्त लिनक्समध्येच संगणक गोठत असेल, तर संशय प्रथम ग्राफिक्स ड्रायव्हरवर घ्यावा, विशेषतः एनव्हिडियाचे कार्ड असल्यास. मिंटमधील ड्रायव्हर मॅनेजरमधून शिफारस केलेला ड्रायव्हर बसवल्यावर बहुतेक तक्रारी मिटतात. इंटेलच्या बे ट्रेल पिढीतील स्वस्त लॅपटॉप लिनक्सवर अचानक गोठण्याची अडचणही जुनी आणि सर्वपरिचित आहे. तेथे प्रोसेसरच्या खोल विश्रांतीच्या अवस्था बंद ठेवण्याचा उपाय लागू पडतो.

लिनक्सने यंत्रच कायमचे निकामी होईल, ही भीती जवळजवळ निराधार आहे. जवळजवळ म्हणण्याचे कारण असे, की २०१३ च्या सुरुवातीला यूईएफआय या, जुन्या बायोसची जागा घेणाऱ्या, पद्धतीने लिनक्स सुरू केल्यावर सॅमसंगचे काही लॅपटॉप खरोखरच बंद पडले होते आणि डिसेंबर २०१७ मध्ये लेनोवोच्या काही लॅपटॉपच्या बायोसमध्ये बिघाड होऊ लागल्यामुळे उबुंटू १७.१० चे डाउनलोड मागे घ्यावे लागले होते. दोन्ही दोष त्यानंतर दूर करण्यात आले.

परत फिरताना

लिनक्स नकोसे झाले म्हणून विंडोजच्या डिस्क मॅनेजमेंटमधून त्याचे पार्टिशन थेट काढून टाकल्यास पुढच्या वेळी काळ्या पडद्यावर ‘ग्रब रेस्क्यू’ एवढेच दिसते, कारण बूट करणारा ग्रब हा लिनक्सचा प्रोग्राम शिल्लक असतो आणि त्याला लागणाऱ्या फाइली गेलेल्या असतात. यूईएफआय संगणकावर प्रथम बायोसमध्ये विंडोज बूट मॅनेजर सर्वांत वर आणावा, विंडोज थेट सुरू होते याची खात्री करावी आणि त्यानंतरच लिनक्सचे पार्टिशन काढावे. हे करताना सुमारे १०० ते ५०० एमबीचे ईएफआय पार्टिशन निरुपयोगी समजून पुसू नये, कारण विंडोजचा बूट लोडरही त्यातच असतो. जुन्या, लेगसी पद्धतीच्या संगणकावर त्याआधी विंडोजचा इन्स्टॉलेशन पेनड्राइव्ह तयार ठेवावा, कारण तेथे बूट रेकॉर्डची दुरुस्ती त्या पेनड्राइव्हच्या रिकव्हरी विभागातूनच करावी लागते.