दीर्घिकांची तोंडओळख, बदलापूर लोकलमध्ये

बदलापूरजवळच्या वांगणीला पहिल्यांदा रात्रभर आकाशदर्शनाला गेलो आणि देवयानी (अँड्रोमेडा) दीर्घिका, म्हणजे अब्जावधी ताऱ्यांची गॅलेक्सी, बघून चक्क हिरमुसलो. दिवाळीनंतरची अमावास्या, आकाश स्वच्छ. एका काकांनी भाद्रपदांच्या चौकोनापासून बोट सरकवत जागा दाखवली. द्विनेत्री डोळ्यांना लावली तर दिसलं काय? काचेवर ओल्या बोटाचा डाग पडावा, तसं काहीतरी. फोटोतले ते निळसर फाटे कुठे गेले? नंतर कळलं, की देवयानीची लांबी सहा पौर्णिमेचे चंद्र ओळीने मांडावेत एवढी भरते. पण आपल्या डोळ्याला दिसतो तो फक्त मधला उजळ गाभा, तोही २५ लाख प्रकाशवर्षांवरून.

म्हणून नवीन मंडळींना माझं पहिलं सांगणं हेच: आकाश बघायला जरूर जा, पण दीर्घिकांचे प्रकार शिकायचे तर फोटो बघा, आणि शेकड्यांनी बघा. पुस्तकातला तक्ता मी दोनदा पाठ केला आणि दोनदा विसरलो. कामी आला तो 'गॅलेक्सी झू' हा उपक्रम. २००७ साली सुरू झाला तेव्हा स्लोन या आकाश-सर्वेक्षणातल्या सुमारे नऊ लाख दीर्घिकांचे फोटो त्यांनी प्रकार ओळखण्यासाठी सामान्य लोकांपुढे ठेवले होते. ठाण्यानंतर बसायला मिळालं की मी फोन काढायचो आणि बदलापूर येईपर्यंत वीस-पंचवीस फोटो उरकायचो.

आधी एकच ठरवायचं: दीर्घिका नुसती गुळगुळीत आहे, की तिच्यात तबकडी किंवा नक्षी दिसतेय? इथेच निम्मं काम होतं. गुळगुळीत असेल तर बहुधा लंबवर्तुळाकार. खगोलशास्त्रज्ञ एडविन हबलने १९२६ साली मांडलेल्या वर्गीकरणात पूर्ण गोल ती ई-०, सगळ्यात चपटी ती ई-७. तारे म्हातारे, तांबूस. वायू कमी, त्यामुळे नव्या ताऱ्यांचा जन्मही क्वचितच. कन्या राशीतली एम ८७ यातलीच; २०१९ मध्ये कृष्णविवराचं पहिलंवहिलं चित्र प्रसिद्ध झालं ते तिच्याच पोटातलं.

सर्पिल दीर्घिकांसाठी आईच्या चकल्या आठवाव्यात. एक चकली घट्ट वळलेली, एक सैल, आणि शेवटची, पीठ संपत आल्यावर सोऱ्यातून तुटत तुटत पडलेली. एसए, एसबी, एससी हा क्रम साधारण तसाच आहे. एसएचा गाभा मोठा, भुजा घट्ट. एससीचा गाभा लहान, भुजा मोकळ्या आणि गाठीगाठींच्या. त्या गाठी म्हणजे नवे तारे जन्मताहेत त्या जागा. गाभ्यातून आरपार दांडा गेलेला दिसला तर नावात 'एस'नंतर आणखी एक, मोठ्या लिपीतला 'बी' येतो, जसं एसबीए, एसबीबी. हा दांडा सुरुवातीला हमखास नजरेतून सुटतो. आपली आकाशगंगासुद्धा दांडावाली आहे.

आता तीच चकली डोळ्यांसमोर आडवी धरा. वेटोळी गायब, उरते एक पट्टी! माझ्या सगळ्यात जास्त चुका इथे झाल्या. आडव्या सर्पिलेला मी चपटी लंबवर्तुळाकार समजून मोकळा व्हायचो. मधोमध धुळीची काळी रेघ दिसते का ते बघा. एम १०४ या दीर्घिकेत ती झकास दिसते. तबकडी आहे पण भुजाच नाहीत, अशा भिंगाकार दीर्घिका, म्हणजे एस-०, मला अजूनही फसवतात. आणि कशातच न बसणाऱ्या त्या अनियमित, उदाहरणार्थ मॅजेलनचे मेघ. ते मात्र मुंबईहून बघायला मिळत नाहीत, फार दक्षिणेला आहेत.

एक फजिती सांगतो. लंबवर्तुळाकार दीर्घिकांना 'अर्ली टाइप' आणि सर्पिलांना 'लेट टाइप' म्हणतात. मी सोसायटीच्या गणपतीत पोरांना ठोकून दिलं, की आधी गोल असतात, मग वाढत वाढत सर्पिल होतात. साफ चूक. ती नावं वयाची नाहीतच. उलट दोन सर्पिलांची टक्कर होऊन लंबवर्तुळाकार दीर्घिका तयार होऊ शकते. पुण्याच्या संशोधकांना सापडलेली 'अलकनंदा' तर विश्व जेमतेम दीड अब्ज वर्षांचं असतानाची, आणि तरी नीटस सर्पिल!

आपल्या डोळ्यांवरही फार भरवसा ठेवू नका. गॅलेक्सी झूमध्ये घड्याळाच्या उलट दिशेने वळलेल्या सर्पिला जास्त नोंदल्या गेल्या. मग तेच फोटो आरशातल्यासारखे उलटे करून दाखवले, तरी लोकांना उलट दिशेच्याच जास्त दिसल्या. खोट विश्वात नव्हती, बघणाऱ्यांत होती. म्हणून एकेक फोटो अनेकांना दाखवतात.

जून ते सप्टेंबर आपल्याकडे आकाश मिटलेलंच असतं, ते महिने फोटोंसाठी ठेवा. देवयानीसाठी नोव्हेंबरची अमावास्या, कन्येतल्या दीर्घिकांसाठी मार्च-एप्रिलची. शीवच्या खगोल मंडळाकडे आणि वरळीच्या नेहरू तारांगणात चौकशी करा. वांगणीला जाताना स्वेटर आणि डासांचं मलम दोन्ही घ्या; मी पहिल्या वेळी दोन्ही विसरलो होतो.