दुबईत शिक्षकाची नोकरी? ग्रॅच्युइटीचा हिशोब आधी मांडा

यूएईत आपल्यासारख्या बाहेरून आलेल्या शिक्षकांना पेन्शन नाही, शाळा सोडताना हातात येते ती ग्रॅच्युइटी, आणि ती फक्त बेसिकवर, म्हणजे भत्ते सोडून मूळ पगारावर मोजतात हे बऱ्याच जणांना शेवटच्या महिन्यात कळतं. ऑफर लेटरवर 9000 दिरहम दिसले की आपण खूश, पण त्यात बेसिक 5000 असेल तर पहिली 5 वर्षं दर वर्षाचा 21 दिवसांचा बेसिक पगार धरायचा, म्हणजे वर्षाला 3500, पाच वर्षांचे साडेसतरा हजार. बास. पाच वर्षांनंतर दर वर्षाला 30 दिवसांचा मिळतो, आणि पहिलं वर्ष पूर्ण व्हायच्या आत सोडलं तर काहीच नाही. म्हणून सही करायच्या आधी एचआरला बेसिक वाढवून मागा, घरभाडं-अलाउन्स कमी झाला तरी चालेल, मी लाजून मागितलं नाही आणि अजून चुटपुट लागते.

बाकीची सोय आपली आपणच करायची. पगार झाला की आधी ठरलेली रक्कम एनआरई खात्यात (परदेशातली कमाई ठेवायचं एनआरआयचं भारतातलं बँक खातं), मग शॉपिंग. एनआरई एफडीचं व्याज आपण एनआरआय असेपर्यंत भारतात टॅक्स-फ्री, फक्त एफडी वर्षाच्या आत मोडू नका, व्याज शून्य. एनपीएस, म्हणजे भारतातली पेन्शन योजना, एनआरआयलाही उघडता येतं. पीपीएफ (सरकारी दीर्घ मुदतीचं बचत खातं) मात्र नवीन काढता येत नाही, पण जायच्या आधीचं असेल तर 15 वर्षं होईपर्यंत भरत राहा, बंद करायची घाई नको, नंतर मुदत वाढवून मिळत नाही एवढंच.