लेगोच्या छोट्या सुपरहिरो सेटचा रिव्ह्यू: फिगर आधी, बाकी सगळं नंतर

ऐंशी ते दीडशे तुकड्यांचा सेट जोडायला अर्धा तास पुरतो. रिव्ह्यू करणारे मात्र पहिली पाच मिनिटं खोकाच चारी बाजूंनी फिरवत बसतात. खोका दुकानातही दिसतो हो! दुकानात जे दिसत नाही ते दाखवायचं असतं, आणि एवढ्याशा सेटमध्ये ती गोष्ट एकच: आतली मिनीफिगर. गाडी, रोबो, मोटरसायकल हे त्या चार सेंटिमीटरच्या माणसाला बसवायचं निमित्त. हे एकदा मान्य केलं की काय आधी आणि काय नंतर, हे वेगळं ठरवावं लागत नाही.

पिशव्या फोडल्या की

पहिला तुकडा हातात आला की त्याच्यावरचा गोल उंचवटा, म्हणजे स्टड, उजेडात तिरका धरून बघा. खऱ्या लेगोच्या प्रत्येक स्टडवर कंपनीचं नाव उठवलेलं असतं. मी एकदा स्वस्तात मिळतोय म्हणून एक सेट मागवला, जोडला, अर्धा रिव्ह्यूही लिहिला, आणि चहा पिता पिता लक्षात आलं की स्टड कोरे आहेत. लिहिलेलं सगळं केराच्या टोपलीत. ‘तुकडे घट्ट बसत नाहीत’ अशी तक्रार मी त्यात चांगली दोन परिच्छेद केली होती, तेव्हाच शंका यायला हवी होती.

जोडणीबद्दल सांगण्यासारखं काही नाही. पुस्तिका आहे, जोडा. जोडताना एवढंच टिपून ठेवा की कुठली नक्षी छापलेली आहे आणि कुठली स्टिकरची, कारण हे विचारणारा वाचक हमखास निघतो. शेवटी चार-पाच बारके तुकडे उरतील. ते जादाच दिलेले असतात, तुमचं काही चुकलेलं नाही.

आता फिगर, आणि इथे घाई नाही

या पायरीवर मी पहिली दोन वर्षं मार खाल्ला. फिगर म्हणजे चकचकीत प्लास्टिक, त्यावर नखापेक्षा बारीक छपाई, आणि वर सुपरहिरोंची आवड काळ्या नाही तर भडक लाल रंगाची. फोनच्या कॅमेऱ्याला यातलं काहीच झेपत नाही.

फ्लॅश बंद. हे विनंती म्हणून सांगत नाहीये. फ्लॅश मारला की छातीवर पांढरा ठिपका उमटतो, तोही नेमका चिन्हावर. घरातली ट्यूबलाइटही नको, आणि पिवळा बल्ब तर नकोच. त्याच्या उजेडात पांढरं पिवळं दिसतं आणि करड्या रंगाला मातीची झाक येते. सकाळी नऊ-दहाच्या सुमारास खिडकीजवळ टेबल लावा, थेट ऊन येत असेल तर काचेवर बटर पेपर चिकटवा. मागे एक ड्रॉइंग पेपर भिंतीला टेकवून पुढे टेबलावर अलगद वळवून घ्या, म्हणजे मागे कोपऱ्याची रेघ येत नाही. एवढ्यावर भागतं. हजारो रुपयांचा लाइटबॉक्स घ्या असं सांगणाऱ्यांचं ऐकू नका; माझा माळ्यावर पडलाय.

पांढऱ्या कागदावर बॅटमॅन ठेवला की फोन म्हणतो, बापरे किती उजेड, आणि सगळंच अंधारं करून टाकतो. मग बॅटमॅन म्हणजे दोन कान असलेला कोळसा. काळ्या कागदावर ठेवला तर फोन उलटं करतो आणि काळा रंग राखाडी होतो. काळ्या फिगरसाठी मधला करडा कागद घ्या. खिडकीच्या विरुद्ध बाजूला, चौकटीच्या जरा बाहेर, थर्माकोलचा पांढरा तुकडा उभा करा. त्यावरून परतणाऱ्या उजेडाने केपची, म्हणजे पाठीवरच्या झग्याची, कड आणि पोटावरच्या रेषा दिसायला लागतात. मग स्क्रीनवर फिगरच्या चेहऱ्यावर बोट दाबून धरा, फोकस आणि उजेड कुलूपबंद होईल, आणि उजेड किंचित खाली ओढा.

जवळ जायचा मोह आवरा. फोनचा मॅक्रो मोड बहुधा रुंद लेन्सने काम करतो. फिगरच्या नाकाशी फोन नेला की डोकं भोपळ्याएवढं आणि पाय काडीएवढे. एक फूट मागे थांबा, दुप्पट झूम करा. फोन हातात धरू नका, पुस्तकांच्या चळतीला टेकवा आणि तीन सेकंदांचा टायमर लावा. त्याआधी रंगकामाच्या मऊ ब्रशने फिगर झटका. या प्लास्टिकला धूळ ओढून घ्यायची सवयच आहे, आणि डोळ्याला न दिसणारा केसाचा तुकडा फोटोत दोरखंडासारखा दिसतो.

आता माझी चूक सांगतो, तुम्ही ती करू नका. एका स्पायडर-मॅनचा लाल फोटोत फिका वाटला, म्हणून मी तो खोक्यावरच्या चित्राशी जुळेपर्यंत गडद करत गेलो. फोटो झकास आला. पंधरा दिवसांनी नाशिकच्या एका ताईंचा निरोप: तुमचं बघून भाच्यासाठी घेतला, पण हातात आलेला लाल काही तसा नाही. खोक्यावरचं चित्र संगणकावर नटवलेलं असतं, आणि मी त्याचीच नक्कल करून वाचकाला दिली होती. तेव्हापासून फोटोत रंगाला हात लावत नाही, आणि फोनमधलं आपोआप ‘सुंदर’ करणारं बटण आधी बंद करतो. रंग पटला नाही तर फिगर खोक्यावरच्या चित्राशेजारी उभी करून दोघांचा एकच फोटो काढतो. मग जे काय आहे ते वाचकाच्या डोळ्यांसमोर.

आणि निव्वळ समोरून फोटो काढून थांबलात तर रिव्ह्यू केलाच नाही असं समजा. पाठ दाखवा, पैसे वाचवलेले असले तर तिथेच दिसतात, पाठ कोरी. हात बाजूने दाखवा, दंडावर छपाई आहे का? पाय दाखवा. मुखवटा किंवा केस काढून डोकं गोल फिरवा, बऱ्याचदा मागे दुसरा चेहरा असतो. आखूड केसांच्या फिगरला तो मागून डोकावतो का, हे आवर्जून बघा. बॅटमॅनचा मुखवटा काढलात तर बहुतेक वेळा डोळ्यांवर पांढरी पट्टी दिसेल. तो दोष नाही. मुखवट्याच्या भोकांतून डोळे पांढरे दिसावेत म्हणून केलेली ती युक्ती आहे. मुखवट्याविना मात्र बिचारा मॅरेथॉन पळून आल्यासारखा दिसतो.

छपाईत खरी मेख असते ती गळ्यापाशी. गडद प्लास्टिकवर फिकट शाई छापली की खालचा रंग आतून मारतो. म्हणून चेहऱ्याचा रंग एक आणि गळ्याखाली छापलेल्या त्वचेचा रंग दुसरा, जरा मळका. हे दुकानात कळत नाही, खोक्यावर तर मुळीच नाही. डोकं आणि धड यांचा एक जवळचा फोटो फक्त यासाठी काढा.

केप असेल तर आधी केपशिवाय सगळे फोटो उरका, मग एकदाच चढवा. कापडाच्या केपला मानेपाशी बारीक भोकं असतात; दहा वेळा काढ-घाल केली की भोकांच्या कडेचे दोरे सुटतात. फोटोसाठी केपला इस्त्री करणारा एक महाभाग मला माहीत आहे. त्याच्या सुपरमॅनचं काय झालं ते विचारू नका.

किमतीचा हिशोब

‘तुकड्याला किती पैसे पडले’ हा भागाकार सगळे करतात. छोट्या सेटला तो लावणं म्हणजे वांगी मोजून भरीताची चव सांगणं. उदाहरण घ्या. 2016 सालचा मायटी मायक्रोज मालिकेतला ‘स्पायडर-मॅन विरुद्ध ग्रीन गॉब्लिन’ 85 तुकड्यांचा, 2020 सालचा आयर्न मॅनचा मेक, म्हणजे फिगर आत बसवायचा रोबो, 148 तुकड्यांचा. अमेरिकेत दोन्ही बाजारात आले तेव्हा किंमत सारखीच, 9.99 डॉलर. भागाकार केलात तर पहिल्यात तुकडा सुमारे 12 सेंटला पडतो, दुसऱ्यात 7 पेक्षाही कमी. म्हणजे दुसरा स्वस्त? पहिल्यात दोन फिगर होत्या, दुसऱ्यात एक. त्यातही मेख अशी की मायटी मायक्रोजमधल्या फिगरना आखूड पाय, जे वाकतच नाहीत. कोणाला दोन बुटके चालतील, कोणाला एकच पण धड पायांचा हवा असेल. ते वाचकाला ठरवू द्या, तुम्ही दोन्ही बाजू मांडा. तुकडे किती याआधी त्यातले एका स्टडचे बारके किती तेही मोजा. आकडा फुगतो तो त्यांनीच.

डॉलरची किंमत रुपयांत बदलून ‘बघा कसे लुटतात’ असंही लिहू नका. खेळण्यांवरचं आयात शुल्क आपल्याकडे 2020 च्या अर्थसंकल्पात 20 वरून 60 टक्के झालं, 2023 मध्ये 70. तुम्ही प्रत्यक्ष किती दिले आणि कधी, तेवढं लिहा.

खेळून बघा, खरंच

शोकेसमध्ये ठेवून रिव्ह्यू होत नाही. माझ्याकडे सहा वर्षांचा भाचा आहे, त्याच्या हातात देतो आणि गप्प बसतो. काय निखळतं, किती वेळा निखळतं आणि ते त्याला परत बसवता येतं का, एवढं मोजतो. मेक प्रकारच्या सेटमध्ये आधी गुडघे बघा. त्या 2020 च्या आयर्न मॅनला गुडघेच नाहीत. कमरेत आणि घोट्यात हलतो, मधे सरळसोट खांब. त्यामुळे उडी मारतानाची ऐट येत नाही, पण उभा मात्र छान राहतो. फिगर आत बसते तेव्हा तिच्या हातातली वस्तू अडते का, डोक्यावर काही टेकतं का, हेही बघा. मेकचा मोठा हात आडवा करून पाच मिनिटं तसाच ठेवा. सांधा ढिला असेल तर तुमच्या डोळ्यांदेखत खाली येतो.

लिहिताना

पहिल्याच परिच्छेदात सांगा: कोणासाठी घ्यावा आणि कोणी घेऊ नये. दहापैकी साडेसात वगैरे गुण देऊ नका, त्या साडेसातचा अर्थ तुम्हालाही माहीत नसतो. सेटचा क्रमांक लिहा, कारण ‘आयर्न मॅनचा रोबो’ नावाचे चार सेट निघतात आणि वाचक भलताच घेऊन येतो. लेखात सर्वात वर फिगरचा फोटो टाका. खोक्याचा टाकायचाच असेल तर तळाला.

आणि रिव्ह्यू छापला म्हणून सेट लगेच कोणाला देऊन टाकू नका. सगळे तुकडे, फिगर आणि पुस्तिका एका झिपलॉकमध्ये घालून वर क्रमांक लिहा आणि महिनाभर ठेवा. तीन आठवड्यांनी कोणीतरी विचारतंच, केपला भोकं दोन की तीन? गेल्या वेळी त्यासाठी मला भाच्याच्या दिवाणाखाली आडवं पडून टॉर्च मारावी लागली होती. दोन होती.