धातूचे फासे वेगळे ठेवा, आणि बाकीच्याही चुका टाळा

दर रविवारी माझ्या डायनिंग टेबलाभोवती पाच-सहाजण डी अँड डी, म्हणजे फासे टाकून गोष्ट पुढे नेण्याचा 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स' हा खेळ, खेळायला जमतात. डन्जन मास्टर, म्हणजे खेळ चालवणारी, मी. प्रत्येकजण आल्या आल्या आपला बटवा टेबलावर उपडा करतो आणि फाशांबरोबर स्कूटरची किल्ली, दोन रुपयांचं नाणं, एकदा तर चकलीचा तुकडासुद्धा बाहेर पडला. फासे निवडायला तीन रात्री जागतात, ते ठेवायचे कशात याचा विचार तीन मिनिटंही करत नाहीत. सांगून सांगून तोंड दुखलं, म्हणून एकदाचं लिहूनच टाकते.

पहिला मान धातूच्या फाशांचा. एक कॉलेजातला मुलगा तिसऱ्याच रविवारी धातूचा सात फाशांचा संच घेऊन हजर झाला. मॉडिफायर, म्हणजे पात्राच्या गुणांचा जादा आकडा, कशात मिळवायचा हे अजून दर वेळी विचारत होता, पण फासे मात्र धातूचेच हवेत! त्याच बटव्यात बहिणीने वाढदिवसाला दिलेला रेझिनचा संचही होता. धारदार कडा, आत सोनेरी वर्ख, बघत राहावं असा. बटवा डिकीत टाकून स्वारी हडपसरहून कोथरूडला आली. मधले स्पीडब्रेकर मोजायचे तर शंभरापर्यंत आकडा देणारे शतमानाचे फासे टाकावे लागतील. बटवा उपडा केला तर आधी नुसता सोनेरी चुरा पडला, मग डी-२०, म्हणजे वीस बाजूंचा फासा, आला. नेमक्या २० च्या घराचा कोपरा उडालेला.

"ताई, फेव्हिक्विकने चिकटेल का?"

चिकटवायला टवका सापडायला हवा ना! त्याचं पीठ झालं होतं.

यात नवल काही नाही. हे धातूचे फासे बहुतेक जस्ताच्या मिश्रधातूचे असतात आणि त्याच मापाच्या प्लास्टिकच्या फाशाच्या पाचपट जड भरतात. रेझिनची धारदार कड म्हणजे सगळ्यांत नाजूक भाग. दोघं एका बटव्यात म्हणजे काचेच्या बरणीत बत्ता. बरं, धातूच्या फाशांचंही भलं होत नाही, एकमेकांवर घासून कडांचा मुलामा जातो. माझे धातूचे सात फासे चष्म्याच्या कडक डबीत, जुन्या स्वेटरच्या पट्टीत गुंडाळलेले असतात. रेझिनचे असतात औषधांच्या आठवड्याच्या डबीत. सात वार, सात फासे. सोमवारी डी-४, मंगळवारी डी-६, असं करत शुक्रवारी शतमानाचा, शनिवारी डी-१२ आणि रविवारी डी-२०. मोठ्या कप्प्यांची डबी घ्या, लहानीत डी-२० अडकतो. कोणता फासा हरवलाय हे झाकण उघडताच कळतं. बहुतेकदा शुक्रवार रिकामा असतो, कारण शतमानाचा फासाही दहाच बाजूंचा, तो साधा डी-१० समजून दुसऱ्याच्या बटव्यात गेलेला असतो.

आणि धातूचे फासे माझ्या काचेच्या टेबलावर थेट टाकायचे नाहीत. एक चरा आहे, पुरे. ट्रे विकत घ्यायची गरज नाही, परातीत जुना टॉवेल अंथरला की झालं.

आता हळदीची गोष्ट. आमच्यातल्या एकीने आईचा जुना मिसळणाचा डबा फाशांसाठी मागून घेतला. सात वाट्या, सात फासे! कल्पना ऐकून मीही टाळी दिली. डबा घासून घेतला होता म्हणे. पण वाट्यांच्या वळलेल्या काठाखाली हळद दडून बसते हे स्वयंपाकघरात कधीतरी पाऊल टाकलं असतं तर कळलं असतं. पांढऱ्या रेझिनचे फासे, कोरलेले आकडे. दोन आठवड्यांत हळद आकड्यांच्या खाचांत जाऊन बसली आणि डी-१२ ला हिंगाचा वास लागला. मी म्हटलं, उन्हात ठेव, हळदीचा डाग उन्हाने उडतो. तो उडतोच. पण बाईसाहेब फासे गॅलरीत महिनाभर विसरल्या, आणि रेझिन उन्हात आपलं आपण पिवळं पडतं. आता तो पिवळेपणा कुठल्याच उपायाने जायचा नाही. डबा वापरायचाच तर कोरा आणा आणि प्रत्येक वाटीत फ्लॅनेलची चकती घाला, नाहीतर रिक्षात अख्ख्या रस्त्यावर टाळ वाजत जातो.

सॅनिटायझरने फासे पुसू नका. अल्कोहोलने अ‍ॅक्रिलिकवर केसासारख्या बारीक भेगा पडतात आणि आकड्यांचा रंगही सुटतो. साबणाचं कोमट पाणी पुरतं. रंग गेलाच असेल तर खाचेत मेणाचा खडू घासा आणि वरचा जास्तीचा पुसून टाका. हा जुगाड माझा नाही. १९८१ च्या डी अँड डी बेसिक संचात फाशांबरोबर आकडे भरायला खडूच यायचा.

मे महिन्यात रेझिनचे फासे बंद गाडीत ठेवू नका, मऊ पडून कडा बसतात.

मखमली बटवा पावसात भिजला की रंग सोडतो. लाल मखमल असेल तर विचारूच नका.

चुंबकाच्या झाकणाची लाकडी पेटी फोटोत छान दिसते, सॅकमध्ये उघडते. रबरबँड लावा. पेटीच्या तळाशी स्पंज असेल तर तो दर पावसाळ्यानंतर बोटाने दाबून बघा. दमट हवेत काही वर्षांनी त्याचा चिकट भुगा होतो, आणि तो आकड्यांतून टूथपिकने काढताना माझी एक अख्खी संध्याकाळ गेली आहे.

विमानात धातूचे फासे हातातल्या बॅगेत सगळ्यांत वर ठेवा. तपासणीत बॅग उघडायला लावलीच, तर निदान कपडे तरी उपसावे लागत नाहीत.

आणि मोजणी टेबलावरच करायची, घरी गेल्यावर नाही. खेळ संपला की सगळ्यांना घाई असते, कोणाची बस असते, कोणाला भूक लागलेली असते. सात मोजल्याशिवाय मी दाराची कडी काढत नाही. गेल्या रविवारी सगळ्यांचे मोजून घेतले आणि स्वतःचे मोजायची विसरले. सकाळी डबी उघडली तर सोमवार रिकामा. सोफ्याखाली नाही, परातीत नाही. दूध घ्यायला खाली जाताना चपलेत पाय घातला आणि सराटा घुसावा तसा डी-४ सापडला.